शास्त्रज्ञांना बोलायला शिकवायचंय? आधी ऐकणारा माणूस बोलवा

प्रश्न थोडक्यात असा: एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करणारे आणि नुकतेच रुजू झालेले विसेक तरुण शास्त्रज्ञ आहेत. त्यांना आपलं काम सर्वसामान्यांना सांगता यावं म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. आराखडाही तयार आहे. पहिल्या दिवशी व्याख्यानं: विज्ञानसंवादाचं महत्त्व, सोपी भाषा, स्लाइड कशा कराव्यात, आवाज आणि देहबोली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं पाच मिनिटांचं सादरीकरण आणि त्यावर तज्ज्ञांच्या सूचना. यात काय सुधारता येईल?

आराखडा मेहनतीने केलाय हे दिसतं, पण त्यात एक माणूस राहून गेलाय. ज्याला हे संशोधन समजायला हवं, तो दोन्ही दिवस खोलीत कुठेच नाही. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांसमोर बोलणार, तज्ज्ञ 'अजून थोडं सोपं करा' म्हणणार, शेवटी अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे 'अत्यंत उपयुक्त' असं लिहिणार आणि सोमवारपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी बरीच वर्षं हे प्रशिक्षण देतोय. असे फॉर्म मी गठ्ठ्यांनी पाहिलेत आणि त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

हा नुसता माझा तिरकसपणा नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानसंवादाचा सत्रभराचा अभ्यासक्रम केलेले पदव्युत्तर विद्यार्थी आणि तो न केलेले विद्यार्थी, दोघांकडून आधी आणि नंतर छोटे व्हिडिओ करून घेतले. मग ते पदवीच्या मुलांना दाखवून विचारलं, सांगा, कोण किती समजलं, कोण किती भावलं. प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रेक्षकांनी जवळपास तेवढेच गुण दिले, जेवढे न घेतलेल्यांना. तो अभ्यासक्रम काही कोरड्या व्याख्यानांचा नव्हता, सराव होताच. म्हणूनच हा निष्कर्ष जास्त बोचतो. मी त्यातून एवढंच घेतलं की शिकणाऱ्याला 'आपल्याला जमायला लागलं' असं वाटणं आणि ऐकणाऱ्याला कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजायची ती दुसरी.

तेव्हा पहिली सूचना: व्याख्यानांचा दिवस रद्द करा आणि त्या वेळात बाहेरची दहा-बारा माणसं बोलवा. संस्थेतल्या लेखा विभागातले किंवा ग्रंथालयातले लोक सोयीचे वाटतात, पण त्यांना शास्त्रज्ञांची भीड असते. न कळलेलंही ते 'हो, हो' करून सोडून देतात. त्यापेक्षा भाषा किंवा इतिहास शिकवणारे शिक्षक, परिचारिका, दुकानदार, निवृत्त माणसं बघा. शाळकरी मुलं बोलवण्याची कल्पना सगळ्यांना आवडते. मला ती पहिल्या फेरीला नको असते. मुलांना सांगणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. मोठ्या माणसाच्या डोक्यात आधीपासून काहीतरी बसलेलं असतं आणि शास्त्रज्ञाची खरी गाठ त्या बसलेल्या गोष्टीशी असते.

आलेल्या पाहुण्यांना एकच सूचना द्यायची: 'कसं वाटलं' ते सांगू नका, 'काय कळलं' ते सांगा. शास्त्रज्ञाने तीन मिनिटं बोलायचं. मग पाहुण्याने तेच आपल्या शब्दांत, शेजाऱ्याला सांगितल्यासारखं, परत सांगायचं. त्या वेळी शास्त्रज्ञाने तोंड उघडायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, फक्त ऐकलेलं लिहून घ्यायचं. नंतर पाच मिनिटं स्वतःशी विचार आणि लगेच दुसऱ्या पाहुण्यासमोर दुसरी फेरी, मग तशीच तिसरी.

यात काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. एका संशोधक मुलीचं पहिलं वाक्य होतं, "आम्ही सूडोमोनास एरुजिनोसाच्या बायोफिल्म निर्मितीवर कोरम सेन्सिंग प्रतिबंधकांचा होणारा परिणाम अभ्यासतो." पुढे तिने बिचारीने समजावूनही सांगितलं: हे जिवाणू चिकट थर करतात, थरात प्रतिजैविकं नीट काम करत नाहीत, रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळ्यांवर असे थर बसतात, आणि आम्ही ते रोखणारे रेणू तपासतोय. समोर बसलेले गृहस्थ पेशाने हिशेबनीस. त्यांची पाळी आल्यावर ते आत्मविश्वासाने म्हणाले, "या जंतू मारणारं नवीन औषध शोधतायत. नळ्यांना चोपडायचं असणार."

दोन्ही चूक. मारण्याबद्दल ती बोललीच नव्हती आणि चोपडण्याबद्दलही नाही. पण जंतूंवरचं औषध म्हणजे जंतू मारणारं, हे त्या गृहस्थांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि तिच्या बोलण्यात जिथे जिथे फट राहिली तिथे ते जाऊन बसलं. एखादा तज्ज्ञ तिथे असता तर त्याने 'कोरम सेन्सिंग सोपं करून सांगा' असा शेरा मारला असता. तो शेरा बरोबरच असता, फक्त त्यातून तिला काहीच कळलं नसतं. हिशेबनीसांच्या दोन वाक्यांनी नेमकी जागा दाखवली.

तिसऱ्या फेरीत ती असं बोलली: "काही जिवाणू एकमेकांची संख्या ओळखतात. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडत असतो. आजूबाजूला ते रसायन भरपूर झालं, की त्यांना समजतं, आता आपण पुरेसे आहोत. मग ते मिळून चिकट थर बांधतात आणि त्या थराच्या आत औषधाला दाद देत नाहीत. आम्ही त्यांना मारत नाही. तो रासायनिक निरोप पोचू नये, एवढंच बघतोय. निरोप नाही, तर थर नाही." सूडोमोनास नाही, बायोफिल्म नाही, प्रतिबंधक नाही. नवे पाहुणे ऐकून घेऊन म्हणाले, "पण मग ते जिवाणू शरीरात राहतातच की. त्यांचं काय होतं?"

हा प्रश्न आला की समजायचं, गाडी रुळावर आली. हाच प्रश्न तिच्या क्षेत्रातला परीक्षकही विचारेल. थर नसलेल्या जिवाणूंना शरीराची प्रतिकारशक्ती आणि नेहमीची औषधं जास्त सहज गाठू शकतात, अशी अपेक्षा. आणि तिचे प्रयोग अजून काचेच्या बशीत चाललेत, रुग्णांवर नाहीत. हे दोन्ही तिने स्पष्ट सांगितलं. पाहुण्यांचा विरस झाला नाही. उलट 'अजून किती टप्पे असतात?' अशी चौकशी सुरू झाली.

परिभाषेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की अवघड शब्द वापरा, पण लगेच त्याचा अर्थ सांगा म्हणजे झालं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. २०२० च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना स्वयंचलित गाड्या, शस्त्रक्रिया करणारे रोबो अशा विषयांवरचे परिच्छेद वाचायला दिले. काहींत तांत्रिक शब्द होते, काहींत नव्हते. आणि तांत्रिक शब्द असलेल्यांपैकी काहींना त्या शब्दावर माउस नेला की अर्थ दिसायचा. अर्थ देऊनही फरक पडला नाही. शब्द दिसले की वाचणाऱ्याला 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटायला लागलं आणि विषयातला रसही कमी झाला. म्हणून मी सांगतो: आधी गोष्ट सांगा, ती समोरच्याच्या हाती लागू द्या, आणि गरज असेल तरच शेवटी तिचं नाव सांगा. बहुतेक वेळा गरज नसते.

इंग्रजीतल्या सर्वाधिक वापरातल्या एक हजार शब्दांतच सगळं सांगायचं, हा खेळ २०१२ साली व्यंगचित्रकार रॅन्डल मन्रो यांच्या एका चित्रामुळे प्रसिद्ध झाला. रॉकेटचा नकाशा त्यांनी तेवढ्याच शब्दांत समजावला होता. तो व्यायाम एकदा, वीस मिनिटं करायला हरकत नाही. कोणत्या शब्दाला आपण घट्ट धरून बसलोय ते त्यात कळतं. पण त्यातून येणारी भाषा बोबडी असते, मोठ्या माणसांशी कोणी तसं बोलत नाही. त्यापेक्षा ज्यांचं शिक्षण आणि संशोधन सगळं इंग्रजीत झालंय, त्यांना पहिली फेरी मातृभाषेत करायला लावा. पेपरांत वापरून वापरून तयार झालेली वाक्यं तिथे कामाला येत नाहीत, आणि आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते मुळापासून ठरवावं लागतं. सुरुवातीला चांगले चांगले अडखळतात. अडखळू द्या.

आता आकडे. यावर मी अर्धा दिवस घालवतो, आणि आराखड्यात त्याचा उल्लेखही नाही याचं मला नवल वाटलं. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा दिला: गर्भनिरोधक गोळ्यांच्या नव्या, तिसऱ्या पिढीमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्यांत 'दुप्पट', 'शंभर टक्के' हेच गाजलं. बायकांनी धडाधड गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. मूळ आकडा काय होता? आधीच्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांत एकीला गुठळी होत होती, नव्या गोळीने ती दोघींना होऊ लागली. 'दुप्पट' यात खोटं काही नाही. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

सहभागींना हे सांगून सोडू नका, त्यांच्याकडून करून घ्या. दुसरं उदाहरण हाताशी द्या: २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं, की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येकाने हे १०० माणसांच्या भाषेत लिहायचं. ब्रिटनसारख्या देशात आयुष्यभरात १०० पैकी साधारण ६ जणांना हा कर्करोग होतो; शंभरच्या शंभर जणांनी रोज तेवढं मांस खाल्लं तर ७ जणांना होईल. मग दुसरा भाग. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात घातलं आणि 'सिगरेटइतकंच घातक' असे मथळे झळकले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे दाखवतो, धोका किती मोठा आहे हे नाही. हा फरक एका वाक्यात, पाहुण्याला परत सांगता येईल असा सांगा म्हटलं, की भल्याभल्यांना घाम फुटतो. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या प्रबंधातला सगळ्यात लाडका आकडा घ्यायचा आणि त्याचं हेच करायचं. 'तिप्पट', '४० टक्के सुधारणा' असले आकडे तिथे टिकत नाहीत, कारण 'कशाच्या?' हा प्रश्न पाहुणे विचारतातच.

अनिश्चितता हा याहून नाजूक भाग. इटलीतल्या लाक्विला शहराला २००९ च्या सुरुवातीला महिनोन् महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. बैठकीच्या आधी नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीला सांगितलं, की शास्त्रज्ञांच्या मते धोका नाही, उलट छोट्या धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. धक्का बसला की रात्र घराबाहेर काढायची, अशी तिथल्या कित्येक कुटुंबांची पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. त्या रात्री ती मोडून आत थांबलो, असं वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितलं. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सदोष मनुष्यवधाबद्दल सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सहाही शास्त्रज्ञ अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

खटल्याची चर्चा खूप झाली. मी प्रशिक्षणात त्यातला वेगळा तुकडा घेतो. ऊर्जा बाहेर पडण्याचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्याच लंगडा होता. भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ तीव्रतेच्या भूकंपाची ऊर्जा फेडायला ४ तीव्रतेचे साधारण हजार धक्के लागतील. हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. पण लोकांसमोर जायचं वाक्य त्यांनी स्वतः तयार ठेवलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याने केलेलं वाक्य त्यांच्या नावावर गेलं. म्हणून सहभागींना जोड्यांत बसवा. एकाने वार्ताहर व्हायचं आणि एकच प्रश्न सोडायचा नाही: "मग धोका आहे की नाही? हो की नाही ते सांगा." दुसऱ्याने उत्तर द्यायचं. घाबरलेला शास्त्रज्ञ एक तर 'नाही' म्हणून मोकळा होतो, नाहीतर जर-तरच्या जंगलात शिरतो. चालेल असं उत्तर साधारण असं असतं: "मोठ्या भूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, पण अजूनही कमीच आहे. कधी होईल हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी धक्क्यानंतर बाहेर पडायची सवय सोडू नये." माहीत असलेलं, नसलेलं आणि माणसाने करायचं काय, तिन्ही त्यात आलं.

'अनिश्चितता कबूल केली तर लोकांचा विश्वास उडेल' ही भीती सगळ्यांना असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आकड्याबरोबर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी कक्षा दिली तर विश्वास जेमतेम घटतो. 'थोडं कमी-जास्त असू शकेल' अशा मोघम शब्दांनी तो त्याहून जास्त घटतो. म्हणजे कक्षा द्या, गुळमुळीत बोलू नका.

प्रसिद्धिपत्रकांबद्दल शास्त्रज्ञांना चार गोष्टी ऐकवाव्या लागतात, कारण 'वार्ताहर सगळं वाढवून छापतात' ही तक्रार प्रत्येक कार्यशाळेत येते. २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली होती. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला निबंधातल्यापेक्षा फुगवलेला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसांबद्दल अवास्तव अनुमान ३६ टक्के पत्रकांत. आणि पत्रकात फुगवलं असेल तर बातमीत फुगण्याची शक्यता कितीतरी जास्त. पत्रक संस्थेतून निघतं, आणि अनेकदा शास्त्रज्ञाने वाचून होकार दिलेला असतो. तेव्हा संस्थेच्या जनसंपर्क विभागातल्या व्यक्तीला कार्यशाळेत सहभागी म्हणून बसवा, पाहुणी म्हणून नको. सरावासाठी खरं पत्रक आणि त्याचा खरा निबंध द्या, आणि कुठलं वाक्य निबंधात नाही ते शोधायला लावा.

गोष्ट सांगण्याच्या युक्त्या, म्हणजे 'असं होतं, पण असं झालं, म्हणून आम्ही हे केलं' हा साचा, तासाभरात शिकवून होतात. उपयोगी आहेत, डोक्यावर घेऊ नयेत. क्वीन्सलॅंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा, एकच स्थिर स्लाइड, मलाही आवडते. पण तिथे प्रश्न विचारणारा नसतो आणि टाळ्या वाजतातच. अभिनेते ॲलन आल्डा यांनी शास्त्रज्ञांना नाट्यातले उत्स्फूर्त खेळ शिकवायला सुरुवात केली, २००९ मध्ये स्टोनी ब्रुक विद्यापीठात त्यासाठी केंद्र उभं राहिलं. ते खेळ लाजऱ्या मुलांना समोरच्याकडे बघायला लावतात. सकाळी पाऊण तास ठेवा. अख्खा दिवस त्यावर घालवला तर मजा येते, पण ७,००० पैकी दोघींचा हिशेब त्यात येत नाही.

आवाज आणि देहबोलीला मी सगळ्यात शेवटी घेतो. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी वक्तृत्वाचे धडे घेतले होते हे खरं. पण त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, २१ वर्षांचे असताना त्यांनी मित्राला लांबलचक पत्रं लिहिली ती व्याख्यानं ऐकायला बसलेल्या माणसाला काय हवं असतं यावर. खोलीत हवा खेळती आहे का, ऐकणारा किती वेळ लक्ष देऊ शकतो (त्यांच्या मते एक तास पुष्कळ), प्रयोग मागच्याला दिसतो का. क्रम हाच ठेवा.

एक अडचण खोलीच्या बाहेरची आहे. तरुणांना खरा धाक लोकांचा नसतो, मार्गदर्शकाचा असतो. 'इतकं सोपं केलंस तर मग केलंस काय?' या वाक्याचा. विज्ञान घरोघरी पोचवणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यासारख्याला १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारलं, आणि त्यामागे त्यांची लोकप्रियता होती असं अनेकांचं मत आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. यावर भाषण देऊन उपयोग नाही. मार्गदर्शकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बोलवा आणि त्यांनाही तीच फेरी करायला लावा: तीन मिनिटं बोला, मग पाहुण्याकडून ऐका. ज्येष्ठांपैकी काही जण येणार नाहीत. जे येतात त्यांचा स्वतःचा हिशेबनीस भेटला, की त्यांच्या विद्यार्थ्यांचा मार्ग बराच मोकळा होतो.

शेवटचं, दोन दिवस सलग ठेवू नका. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि त्या काळात प्रत्येकाने आपलं काम बाहेरच्या किमान दोघांना सांगून, त्यांनी परत सांगितलेलं त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचं. स्वतःचं बोलणं नाही, ऐकणाऱ्याचं. दुसऱ्या दिवसाची सुरुवात ती मुद्रणं ऐकून करा. दिवसभराचं काम त्यातूनच निघतं. आणि फॉर्म भरून घ्यायचेच असतील तर ते पाहुण्यांकडून घ्या, एकच ओळ: 'या व्यक्तीने काय शोधलं, किंवा काय शोधतेय?' संस्थेने अर्धाच दिवस दिला, तर बाकी सगळं गाळा. पाहुणे, तीन फेऱ्या आणि ती एक ओळ ठेवा.